फेरोफ्लुइड सील हिवाळ्यात सकाळी अडकते आणि उन्हाळ्यात दुपारी गळते, तेव्हा काय तपासावे

निर्वात कक्षात फिरता शाफ्ट नेणाऱ्या आणि शाफ्टभोवतीची फट चुंबकाने धरून ठेवलेल्या द्रवाने (फेरोफ्लुइडने) बंद करणाऱ्या फेरोफ्लुइड सीलची तक्रार माझ्याकडे वारंवार येते आणि बहुतेक वेळा सोबत नव्या सीलचे कोटेशनही आलेले असते. त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रसंगी सील बदलावे लागले नाही. म्हणून लक्षणांपासून सुरुवात करतो. आपल्या यंत्राचे लक्षण यांत नेमके कुठे बसते ते आधी पाहावे.

पहिले लक्षण थंडीचे. डिसेंबर-जानेवारीत रात्रभर बंद राहिलेले यंत्र सकाळी सुरू केले की शाफ्ट फिरवणाऱ्या मोटरचा करंट नेहमीपेक्षा बराच वर जातो, मोटर लहान असेल तर ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे उपकरण) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि दोन-तीन प्रयत्नांनी शाफ्ट एकदा फिरू लागला की पंधरा-वीस मिनिटांत करंट आपसूक जागेवर येतो. दुसरे लक्षण उन्हाचे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारच्या पाळीत कक्षाचा दाब जिथपर्यंत उतरायला हवा तिथपर्यंत उतरत नाही, पण रात्रपाळीचा माणूस म्हणतो की त्याच्या वेळी यंत्र व्यवस्थित चालते. तिसरे लक्षण म्हणजे शाफ्ट फिरायला लागताक्षणी दाबमापकाचा काटा एकदम उसळतो आणि काही सेकंदांत खाली येतो. चौथे लक्षण सावकाश दिसते: त्याच वेगाला आणि त्याच तापमानाला मोटर दरवर्षी थोडा अधिक करंट घेते. पाचवे लक्षण डोळ्यांना दिसणारे, म्हणजे शाफ्टच्या मुळाशी तेलकट काळा डाग किंवा थेंब.

पहिली दोन लक्षणे एकाच यंत्रात ऋतूनुसार आलटून पालटून दिसतात, आणि त्यामुळेच गोंधळ होतो. हिवाळ्यात सील ‘जाम’ झाले असे ठरते, उन्हाळ्यात तेच सील ‘ढिले’ झाले असे ठरते. प्रत्यक्षात सील तेच असते, त्यातला द्रवही तोच असतो, फक्त त्याचे तापमान तीस-चाळीस अंशांनी बदललेले असते.

द्रव गरम-थंड झाला की नेमके काय बदलते

तपासण्यांचा क्रम असा का लावला आहे हे समजण्यासाठी सीलच्या आत डोकावणे आवश्यक आहे. शाफ्टभोवती एक कायमचुंबकाची कडी असते आणि तिच्या दोन्ही अंगांना लोहयुक्त कड्या, ज्यांना आपण पोल-पीस म्हणतो. शाफ्टवर किंवा पोल-पीसवर बारीक दाते कोरलेले असतात, आणि दाता व समोरचा पृष्ठभाग यांच्यातली फट साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर असते. या फटीत चुंबकीय क्षेत्र एकवटते आणि द्रवाचे एकेक कडे तिथे धरून ठेवते. असे एक कडे सुमारे ०.२ वातावरण दाबाचा फरक पेलते, म्हणून अशी अनेक कडी ओळीने लावतात आणि सगळी मिळून बाहेरच्या पूर्ण वातावरणाचा दाब थोपवून धरतात.

द्रव म्हणजे तेलात तरंगणारे मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडचे सुमारे १० नॅनोमीटर आकाराचे कण, आणि प्रत्येक कणावर एका पृष्ठक्रियाशील रसायनाचे अस्तर, जेणेकरून कण एकमेकांना चिकटू नयेत. हा पदार्थ १९६३ मध्ये नासामध्ये स्टीव्ह पॅपेल यांनी तयार केला, तो वजनरहित अवस्थेत रॉकेटचे इंधन चुंबकाने ओढून आणता यावे यासाठी. इंधनाचे ते काम झाले नाही, सीलचे झाले.

तापमानाचा सर्वांत मोठा परिणाम या द्रवातल्या लोखंडावर होत नाही, तेलावर होतो. तेलाचा चिकटपणा तापमानाबरोबर सरळ रेषेत उतरत नाही, तर झपाट्याने घसरतो. सीलमध्ये वापरल्या जाणाऱ्या तेलांत १० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांवर गेल्यास चिकटपणा चार-पाच पटींनी सहज कमी होतो. हिवाळ्यातल्या सकाळी बरणीतली काकवी चमच्याने हलवून पाहिली असेल, तर ड्राइव्ह का ट्रिप होतो याचे निम्मे उत्तर आपल्याकडे आहे. वायूंच्या माऱ्याला टिकावे म्हणून काही सीलांत फ्लुओरिनयुक्त तेल वापरतात. ते सहसा मुळातच अधिक घट्ट असते, त्यामुळे अशा यंत्रात थंडीचा त्रास लवकर जाणवतो.

उरलेले निम्मे उत्तर चुंबकाचे आहे. चुंबकीय क्षेत्रात प्रत्येक कण आपली दिशा धरून राहू पाहतो आणि प्रवाहाबरोबर गडगडायला विरोध करतो, म्हणून क्षेत्रात द्रवाचा चिकटपणा वाढतो. मॅकटेग यांनी १९६९ मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवला आणि श्लिओमिस यांनी १९७२ मध्ये त्याची उपपत्ती मांडली. शिवाय यातले मोठे कण एकमेकांना ओढून लहान साखळ्या करतात. शाफ्ट फिरत असताना या साखळ्या तुटत राहतात, पण यंत्र रात्रभर किंवा सुट्टीचे चार दिवस बंद राहिले की त्या पुन्हा जुळतात, आणि कण तीव्र क्षेत्राच्या टोकाशी गर्दी करतात. तापमान वाढले की कणांची उष्ण धडपड वाढते आणि साखळ्या टिकत नाहीत. थोडक्यात, थंडी आणि विश्रांती दोन्ही एकाच दिशेने काम करतात, आणि म्हणूनच सोमवारची थंड सकाळ ही मंगळवारच्या तितक्याच थंड सकाळीपेक्षा वाईट असते.

उष्णतेच्या बाजूला तीन गोष्टी घडतात. मॅग्नेटाइटचे चुंबकत्व ५८० अंशांच्या आसपास नाहीसे होते, त्यामुळे ८०-९० अंशांना ते केवळ काही टक्क्यांनी घटते. तेल प्रसरण पावल्याने कणांचे प्रमाणही किंचित विरळ होते. आणि चुंबक निओडिमियमचा असेल तर त्याची ताकद दर अंशामागे सुमारे ०.११ टक्के उतरते. तिन्ही गोष्टी जुळल्या की एका कड्याची दाब पेलण्याची क्षमता कमी होते, पण चांगल्या सीलमध्ये राखीव कडी असतात, म्हणून केवळ एवढ्याने सील गळत नाही. खरे नुकसान चौथ्या गोष्टीने होते: तेल उडून जाते. निर्वाताच्या बाजूच्या कड्यांतून तेलाचे रेणू सतत निसटत असतात, आणि हा वेग तापमानाबरोबर कित्येक पटींनी वाढतो. तेल गेले की मागे कण उरतात, द्रव दाट होतो, मग जेलीसारखा होतो आणि अखेर कडे तुटते. जे सील ४० अंशांना वर्षानुवर्षे चालले असते, ते ९० अंशांना काही महिन्यांत म्हातारे होते. उष्णतेने द्रव आज पातळ होतो आणि पुढच्या वर्षी घट्ट होतो, हे विधान ऐकायला विसंगत वाटले तरी चौथ्या लक्षणाचे कारण तेच आहे.

पहिली तपासणी: तापमान मोजा आणि लिहून ठेवा

याला खर्च जवळपास नाही, आणि तरीही दहापैकी आठ ठिकाणी ती केलेली नसते. सीलच्या बाहेरच्या आवरणावर, शक्य तितके निर्वाताच्या बाजूच्या फ्लँजजवळ (सील कक्षाला जोडणाऱ्या कडेजवळ), एक थर्मोकपल म्हणजे तारेचा तापमापक चिकटवावा. हातात धरायच्या इन्फ्रारेड तापमापकावर चकचकीत स्टीलच्या बाबतीत विश्वास ठेवू नये, कारण असा पृष्ठभाग स्वतः फार कमी किरण सोडतो आणि आजूबाजूचेच तापमान परावर्तित करून दाखवतो. एका कारखान्यात ‘सील फक्त ३४ अंशांवर आहे’ असे मला छातीठोकपणे सांगितले गेले होते. आवरणावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून त्याच तापमापकाने पाहिले तेव्हा आकडा ७१ आला.

तापमानासोबत त्याच क्षणी मोटरचा करंट, शाफ्टचा वेग आणि कक्षाचा दाब लिहावा. आठवडाभर दिवसातून तीन वेळा, म्हणजे सुरू करताना, दुपारी आणि बंद करण्यापूर्वी. करंट जर तापमानाबरोबर वर-खाली होत असेल आणि समान तापमानाला समान असेल, तर द्रव निरोगी आहे आणि प्रश्न तापमानाचा आहे. समान तापमानालाच करंट चढत असेल तर द्रव दाट होत चालला आहे किंवा बेअरिंग बिघडत आहे. हा एक भेद हाती आला की पुढच्या निम्म्या तपासण्या वाचतात.

दुसरी: सुरू करण्याची पद्धत

थंडीतले ट्रिप होणे बहुधा इथेच सुटते. यंत्र सुरू करताना शाफ्टला थेट कामाच्या वेगावर नेऊ नये. आधी शक्य तितक्या कमी वेगाने दहा मिनिटे फिरू द्यावे, जेणेकरून साखळ्या तुटतील आणि द्रव कड्यात सारखा पसरेल, मग वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा. ड्राइव्हमध्ये वेग चढण्याचा कालावधी वाढवून ठेवला तर ऑपरेटरच्या लक्षात राहण्यावर विसंबावे लागत नाही. यंत्र अनेक दिवस बंद राहणार असेल तर रोज पाच मिनिटे शाफ्ट फिरवून ठेवणे उत्तम.

तिसऱ्या लक्षणातली उसळीही अनेकदा याच पद्धतीने कमी होते. दोन कड्यांच्या मधल्या पोकळीत हवा अडकलेली असते. कक्ष पहिल्यांदा उपसताना किंवा बऱ्याच विश्रांतीनंतर शाफ्ट फिरताना एखादे कडे क्षणभर उघडते, ती हवा आत जाते आणि कडे पुन्हा मिटते. पंप सुरू असतानाच, नाजूक काम सुरू करण्यापूर्वी, शाफ्ट फिरवून घेतला की हवा आधीच निघून जाते. दिवसातून एखादी उसळी म्हणजे बिघाड नव्हे. शाफ्ट एकसारखा फिरत असूनही दर काही मिनिटांनी ठरावीक अंतराने उसळी येत असेल, तर मात्र एखादे कडे कायमचे दुबळे झाले आहे असे समजावे.

तिसरी: थंड करणारे पाणी

सीलच्या आवरणात पाण्याची वाट असेल तर उन्हाळ्यातली तक्रार बहुतेक वेळा इथे सापडते, आणि माझा सर्वाधिक वेळही इथेच गेला आहे.

प्रवाह मोजण्यासाठी रोटामीटर नसला तरी चालते. परतीची नळी बादलीत सोडून घड्याळ लावावे. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाण्याचे तापमान मोजावे. मिनिटाला २ लिटर पाणी ३ अंशांनी तापून बाहेर पडत असेल, तर ते सुमारे ४२० वॉट उष्णता घेऊन जात आहे. सीलच्या द्रवातल्या घर्षणातून किती उष्णता निघते याचा ढोबळ हिशेब असा: २५ मिलिमीटर व्यासाचा शाफ्ट, ०.०७५ मिलिमीटर फट, सगळ्या कड्यांची मिळून ५ मिलिमीटर लांबी आणि ०.५ पास्कल-सेकंद चिकटपणा धरला, तर मिनिटाला १००० फेऱ्यांना जेमतेम साडेचार वॉट. ही उष्णता वेगाच्या वर्गाने आणि शाफ्टच्या त्रिज्येच्या घनाने वाढते. म्हणजे १०० मिलिमीटरचा शाफ्ट त्याच वेगाला जवळपास २९० वॉट निर्माण करील, पण मिनिटाला २० फेऱ्या फिरणाऱ्या कोटिंगच्या टेबलाचे सील स्वतःच्या घर्षणाने तापले असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. तिथे उष्णता कक्षातून येत आहे.

प्रवाह कमी आढळला तर आधी गाळणी पाहावी, मग नळीची मुडप, मग क्षार. आपल्याकडे अनेक औद्योगिक वसाहतींत बोअरवेलचे कठीण पाणी सर्रास वापरले जाते. ते गरम भिंतीवर पांढरा थर धरते, आणि हा थर उष्णता अडवतो व वाटही अरुंद करतो. पुण्याजवळच्या एका कोटिंगच्या कारखान्यात दीड वर्षात दोन सीले बदलली गेली होती आणि तिसऱ्याची मागणी गेली होती. नवे सील बसवताना जुनीच नळी जोडली जात होती, आणि तिच्या कोपऱ्यावरचे पितळी जोडणीचे तोंड क्षाराने बोरूच्या टोकाइतके उरले होते. जोडणी बदलायला शंभर रुपयांच्या आत खर्च आला. क्षार काढण्यासाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण चालते, पण आवरण ॲल्युमिनियमचे असेल तर उत्पादकाच्या पुस्तिकेत परवानगी आहे का ते पाहूनच वापरावे.

पाण्याच्या बाबतीत उलटी चूकही होते, आणि ती हुशार माणसांकडून होते. सील तापते असे कळल्यावर चिलरचे तापमान १० अंशांवर आणले जाते. पावसाळ्यात हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दव सुमारे २५ अंशांनाच पडू लागते. म्हणजे १० अंशांचे पाणी फिरवणाऱ्या सीलवर घाम सुटणार, तो शाफ्टवरून ओघळणार आणि वातावरणाच्या बाजूच्या बेअरिंगमध्ये व द्रवात शिरणार. पाण्याने तेलाधारित द्रवाचे अस्तर बिघडते आणि कण एकत्र गोळा होतात. कोकणपट्टीतल्या एका यंत्राचे सील दरवर्षी गणपतीच्या सुमारास का जाते, याचे कोडे शेवटी चिलरच्या त्या एका बटनापाशी सुटले. शिवाय इतके थंड सील म्हणजे बारा महिने हिवाळ्यातली सकाळ. पाणी दवबिंदूच्या थोडे वर ठेवावे. पावसाळ्यात आपल्याकडे २५-२६ अंश पुरेसे असतात, आणि यंत्र बंद असताना पाण्याचा प्रवाहही बंद करावा.

चौथी: घट्टपणा सीलचाच आहे का

वीजपुरवठा तोडून, कुलूप लावून, कपलिंग किंवा पट्टा सोडवावा आणि शाफ्ट हाताने फिरवून पाहावा. हिवाळ्यात गिअरबॉक्समधले ग्रीसही गोठल्यासारखे होते आणि मोटरचा करंट त्यामुळेही चढतो. मी पाहिलेल्या ट्रिपच्या तक्रारींत गिअरबॉक्सचा वाटा दुर्लक्ष करण्याजोगा नव्हता. सीलमधल्या द्रवाचा विरोध हाताला एकसारखा, मऊ आणि वेगाबरोबर वाढणारा लागतो. सावकाश फिरवले तर तो जवळपास जाणवत नाही. खरखर, ठरावीक जागी अडणे किंवा कटकट लागली तर तो बेअरिंगचा आवाज आहे, द्रवाचा नाही. हात सवयीचा होईपर्यंत एखाद्या निरोगी यंत्राचा शाफ्ट फिरवून तुलना करावी. बेअरिंगची शंका आली की पुढच्या तपासण्या थांबवून थेट उत्पादकाशी बोलावे, कारण बेअरिंग झिजले की शाफ्ट मध्यावरून सरकतो, फट एका बाजूला रुंदावते आणि कडे तिथेच फुटते.

पाचवी: गळती आहे का, आणि ती कुठे आहे

कक्ष पंपापासून वेगळा करून दाब किती वेगाने चढतो ते घड्याळ लावून लिहावे. दाब सरळ रेषेत चढत राहिला तर बाहेरून हवा येत आहे. आधी वेगाने चढून नंतर मंदावला तर कक्षाच्या भिंतींतून ओल आणि वायू सुटत आहेत, आणि त्याचा सीलशी संबंध नाही. पावसाळ्यात कक्ष उघडा राहिला की हेच होते आणि खापर सीलवर फुटते. हिशेब सोपा आहे: ५० लिटरच्या कक्षात मिनिटाला ०.०१ मिलिबार चढला तर गळती सुमारे ०.००८ मिलिबार-लिटर प्रति सेकंद. निरोगी फेरोफ्लुइड सीलची गळती याच्या कित्येक हजार पटींनी कमी असते.

ही चाचणी चार वेळा करावी: सील थंड असताना शाफ्ट स्थिर आणि फिरता, मग सील तापल्यावर पुन्हा दोन्ही. चारही आकडे सारखे आले तर सील निर्दोष आहे असे मी मानतो. फक्त फिरताना वाढले तर सील किंवा शाफ्टची सरळता संशयास्पद. स्थिर असतानाही केवळ तापल्यावर वाढले तर आधी फ्लँजच्या ओ-रिंगकडे, म्हणजे जोडातल्या रबरी कडीकडे पाहावे. ओ-रिंग उष्णतेने कडक होते, दाबाखाली चपटी होऊन तशीच राहते, आणि तिची जागा सीलच्या इतकी जवळ असते की लोक दोघांत फरकच करत नाहीत. उन्हाळ्यातल्या तक्रारींत पाण्यानंतर दुसरा क्रमांक याच ओ-रिंगचा लागतो. ती बदलणे स्वस्त आहे, खाच स्वच्छ पुसून आणि ओरखडे नाहीत हे पाहून बसवावी.

हेलियमचा लीक डिटेक्टर (कक्षात शिरलेला हेलियम ओळखणारे यंत्र) उपलब्ध असेल तर फ्लँजभोवती प्लास्टिकची पिशवी बांधून हेलियम फक्त तिथेच सोडावा, नंतर पिशवी काढून शाफ्टच्या मुळाशी सोडावा. हेलियम वर चढतो, म्हणून वरच्या जोडण्या आधी तपासून खाली यावे. अन्यथा खालच्या जागी सोडलेला वायू वरच्या गळतीतून शिरतो आणि दोष चुकीच्या जागेवर येतो. संकेत काही सेकंदांत उठला तर गळती. काही मिनिटांनी हळूहळू चढला तर हेलियम रबरातून झिरपत आहे, आणि तो बिघाड नव्हे.

सहावी: उष्णता कुठून येते आणि शाफ्ट सरळ आहे का

पाणी ठीक, ओ-रिंग ठीक, तरी आवरण ७०-८० अंशांवर जात असेल तर कक्षाच्या आत पाहावे लागते. सीलच्या तोंडासमोरची उष्णतारोधक पत्र्याची ढाल मागच्या साफसफाईत काढून परत लावली गेली का, हीटरचे तापमान एखाद्या नव्या कामासाठी वाढवले का, कक्ष तापवून ओल घालवताना हीटरची पट्टी सीलच्या फ्लँजवरून गुंडाळली का, हे प्रश्न ऑपरेटरला विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत विचारावेत. शाफ्ट स्वतःच उष्णता वाहून आणतो, आणि आवरणातले पाणी शाफ्टला थेट थंड करत नाही. म्हणून आवरण ५० अंशांवर असताना शाफ्टला टेकलेला द्रव त्याहून बराच गरम असू शकतो. सामान्य दर्जाचे निओडिमियम चुंबक ८० अंशांपलीकडे आपली काही ताकद कायमची गमावतात आणि थंड झाल्यावरही ती परत येत नाही. आपल्या सीलची मर्यादा पुस्तिकेत पाहावी आणि आवरणाचे तापमान तिच्या बरेच खाली ठेवावे.

शाफ्टची सरळता डायल गेजने पाहता येते. गेज चुंबकी बैठकीवर उभे करताना ती बैठक सीलच्या आवरणाला चिकटवू नये. पट्टा अतिताणलेला असेल किंवा कपलिंगच्या दोन बाजू एका रेषेत नसतील तर शाफ्ट एका अंगाला ओढला जातो. थंडीत आणि उन्हात यंत्राचा सांगाडाही आकुंचन-प्रसरण पावतो, त्यामुळे थंड असताना जुळवलेली रेषा तापल्यावर पुन्हा एकदा तपासावी.

द्रव भरण्याचा मोह

काळा डाग दिसला की कोणीतरी बाजारातून फेरोफ्लुइडची बाटली आणतो, कारण बाटलीतला द्रव आणि सीलमधला द्रव दिसायला अगदी सारखे. दिसणे सोडले तर बाकी काहीच सारखे नसेल. खेळण्यातला किंवा प्रात्यक्षिकाचा द्रव पातळ, लवकर उडणाऱ्या तेलात असतो आणि निर्वातात तो कक्षच घाण करतो. हायड्रोकार्बन तेलाचा द्रव आणि फ्लुओरिनयुक्त तेलाचा द्रव एकमेकांत मिसळत नाहीत. एकाच जातीच्या तेलातही कणांवरचे अस्तर वेगळे असेल तर कण गोळा होऊन गाळ बनतो. डाग पुसण्यासाठी ॲसिटोन किंवा अल्कोहोलचा बोळा शाफ्टच्या मुळाशी फिरवणेही टाळावे. तो फटीत शिरून अस्तर धुऊन काढतो. कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने डाग पुसावा, तारीख लिहावी आणि तो परत येतो का ते पाहावे. काही सीलांना द्रव भरण्याची सोय मुद्दाम दिलेली असते. तिथे उत्पादकाने सांगितलेला द्रव, सांगितलेल्या मापाने भरता येतो. जास्त भरल्याने सील अधिक चांगले होत नाही, जादा द्रव फक्त बाहेर येतो आणि नवा काळा डाग पडतो.

इथे थांबावे

कक्षात सायलेन, हायड्रोजन किंवा अन्य विषारी अथवा पेट घेणारा वायू वापरला जात असेल, तर वरच्यापैकी पहिल्या तपासणीपलीकडे स्वतः जाऊ नये. यंत्र बंद करून सुरक्षा अधिकारी आणि उत्पादकाचा सेवा अभियंता यांना बोलवावे, दिवस सणाचा असला तरी.

वायू निरुपद्रवी असला तरीही पुढील अवस्थांत काम थांबवावे. हेलियमने गळती शाफ्टच्या मुळाशीच दाखवली. समान तापमानाला आणि समान वेगाला करंट पूर्वीच्या दुप्पट झाला. बेअरिंग खरखरते. सील एकदा तरी पुस्तिकेतल्या मर्यादेपलीकडे तापून गेले आणि त्यानंतर गळू लागले. या कोणत्याही अवस्थेत शाफ्ट सीलमधून बाहेर ओढून ‘आत काय झाले ते पाहू’ असे करू नये. शाफ्ट सरकताक्षणी सर्व कड्यांचा द्रव पुसला जातो. चुंबक शाफ्टला झटक्याने एका अंगाला खेचतो, त्यात दाते ओरखडतात, बोटे चिमटतात, आणि दुरुस्त होऊ शकणारे सील भंगारात जाते. असे उघडलेले सील परत जोडून द्या म्हणून माझ्याकडे तीन वेळा आले, आणि तिन्ही वेळा मी ते तसेच परत पाठवले.

सील दुरुस्तीसाठी पाठवताना ते अखंड, शाफ्ट आवरणाला बांधून, दोन्ही तोंडे स्वच्छ पिशवीत झाकून पाठवावे. कक्षात कोणते वायू आणि धातू वापरले ते लिहून द्यावे, नाहीतर अनेक दुरुस्ती केंद्रे खोकेच उघडत नाहीत. आणि तापमान व करंट लिहिलेल्या त्या वहीच्या पानांची प्रत सोबत ठेवावी, म्हणजे नवे सील त्याच गरम जागी परत बसवले जाणार नाही.